फाशी रद्द करायला एका साध्या खासदाराला सतरा वर्षे का लागली?

१४ एप्रिल १९४८ रोजी ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्सने फाशीची शिक्षा पाच वर्षांसाठी थांबवावी असा कौल दिला. मते पडली २४५ विरुद्ध २२२. आठ वर्षांनी, १९५६ मध्ये, त्याच सभागृहाने फाशीविरुद्ध पुन्हा कौल दिला. तरीही ब्रिटनमधल्या तुरुंगांत माणसे फासावर चढत राहिली, ती थेट ऑगस्ट १९६४ पर्यंत. लोकांनी निवडून दिलेले सभागृह दोनदा 'नको' म्हणते आणि कायदा जागचा हलत नाही, हे कोडे उलगडायचे तर संसद वरून नव्हे, खालून बघावी लागते. म्हणजे पंतप्रधानांच्या भाषणांतून नव्हे, तर मंत्रिपद नसलेल्या, मागच्या बाकांवर बसणाऱ्या एखाद्या खासदाराच्या खटपटींतून.

असा एक खासदार म्हणजे सिडनी सिल्व्हरमन. लिव्हरपूलच्या एका गरीब ज्यू कुटुंबात १८९५ साली जन्म. पहिल्या महायुद्धात लढायला नकार दिला म्हणून तुरुंगवास भोगला. पुढे फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या विद्यापीठात काही वर्षे शिकवले, परत येऊन वकिली केली, आणि लिव्हरपूलच्या गरीब वस्तीतल्या भाडेकरूंचे आणि कामगारांचे खटले लढवले. १९३५ मध्ये मजूर पक्षातर्फे लँकेशायरमधल्या नेल्सन अँड कोल्न मतदारसंघातून ते निवडून आले आणि १९६८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथलेच खासदार राहिले. बत्तीस वर्षांत मंत्रिपद एकदाही मिळाले नाही. शरीराने ते अगदी बुटके. आवाज मात्र सभागृहभर पोचणारा, आणि नियमांचे पुस्तक तोंडपाठ. अध्यक्षांना हरकतीच्या मुद्द्यांनी जेरीस आणणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती.

नेल्सन आणि कोल्न ही कापड गिरण्यांची गावे. आपल्या जुन्या क्रिकेटप्रेमींना नेल्सन ठाऊक असेल, कारण वेस्ट इंडिजचा लिअरी कॉन्स्टन्टाइन तिथल्या क्लबकडून कित्येक हंगाम खेळला. युद्धानंतर तिथल्या गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या, आणि लँकेशायरच्या खासदारांची एक कायमची तक्रार असे की भारतातून आणि हाँगकाँगमधून येणारे स्वस्त कापड आमच्या माणसांच्या पोटावर पाय देते. ज्या लँकेशायरच्या कापडाची आपल्याकडे स्वदेशी चळवळीत होळी झाली, त्याच लँकेशायरची ही तऱ्हा. खासदाराचे निम्मे काम असेच असते. बंद पडलेली गिरणी, अडकलेले पेन्शन, न मिळालेले घर, आणि त्यांची पत्रे. या कामाला त्या काळी सरकारकडून कारकूनही मिळत नसे. १९४६ मध्ये खासदाराचा पगार वर्षाला ६०० पौंडांवरून १,००० पौंड झाला आणि त्यातूनच टपाल, टंकलेखन, लंडनमधला मुक्काम सारे भागवायचे. घरचे पैसे नसलेल्या खासदाराला दुसरा धंदा करणे भागच असे, आणि सिल्व्हरमन यांचीही वकिली सुटली नाही.

आता सभागृहातली रचना पाहू. सत्ताधारी पक्षाचे मंत्री अध्यक्षांच्या उजव्या हाताला पुढच्या बाकावर बसतात, विरोधी पक्षाचे प्रमुख नेते समोरच्या पुढच्या बाकावर. बाकीचे सगळे मागे. सहाशेवर सदस्यांच्या सभागृहात जेमतेम ४२७ जणांची बसायची सोय असल्याने महत्त्वाच्या दिवशी पुष्कळांना उभेच राहावे लागते. मागे बसणाऱ्यांच्या हाती काय असते? मंत्र्याला प्रश्न विचारता येतो. दिवसाचे काम संपल्यावर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. सरकारी विधेयकाला दुरुस्ती सुचवता येते. आणि स्वतःचे विधेयक मांडता येते, ज्याला महाराष्ट्राच्या विधिमंडळात आपण अशासकीय विधेयक म्हणतो.

प्रश्नाला कमी लेखू नये. १७ डिसेंबर १९४२ रोजी सिल्व्हरमन यांनी परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांना एक प्रश्न विचारला, आणि त्याच्या उत्तरात ईडन यांनी नाझी जर्मनी युरोपातल्या ज्यूंचा पद्धतशीर संहार करत आहे हे दोस्त राष्ट्रांचे संयुक्त निवेदन वाचून दाखवले. सारे सभागृह उभे राहिले. त्याआधी ऑगस्टमध्ये जिनीव्हातून या संहाराची खबर देणारी तार आली होती, तीही सिल्व्हरमन यांच्याच नावे. निवेदन सरकारने ठरवून केलेले होते हे खरे. पण संसदेत मंत्र्याला तोंड उघडायला कोणीतरी निमित्त द्यावे लागते, आणि ते निमित्त मागच्या बाकावरचा माणूस देतो.

या सगळ्या हक्कांमागे एकच अडचण उभी असते, ती म्हणजे वेळ. कॉमन्सचा बहुतेक वेळ सरकारच्या मालकीचा. कुठल्या दिवशी कुठले काम घ्यायचे ते सरकार ठरवते. खासगी सदस्यांच्या वाट्याला वर्षातले थोडे शुक्रवार येतात. त्या शुक्रवारांसाठी चिठ्ठ्या काढतात. नाव वर आले तर नशीब, नाहीतर पुढल्या वर्षी पुन्हा. दुसरी वाट दहा मिनिटांच्या भाषणाची. तेवढ्या वेळात विधेयक मांडायची परवानगी मागायची. परवानगी मिळाली तरी पुढची वाचने, म्हणजे सभागृहातल्या चर्चेचे आणि मतदानाचे टप्पे, पार करायला वेळ कुठून आणणार, हा प्रश्न राहतोच. शुक्रवारी तर विधेयक मारायला विरोधात मत टाकायचीही गरज नाही. त्या काळी घड्याळात चार वाजेपर्यंत कोणी बोलत राहिला की विधेयक बोलण्यातच संपे. चर्चा आटोपती घेऊन मतदान करा असा प्रस्ताव संमत व्हायचा तर बाजूने किमान शंभर सदस्य हजर हवेत, आणि शुक्रवारी दुपारी खासदार आपापल्या मतदारसंघाची गाडी पकडायच्या घाईत असतात. मला विचाराल तर ब्रिटिश संसदेत मागच्या बाकावरच्या माणसाची खरी लढाई विरोधी मतांशी कधीच नसते, ती घड्याळाशी असते.

युद्ध सुरू झाल्यावर तर हे शुक्रवारसुद्धा गेले. १९३९ पासून खासगी सदस्यांचा वेळ सरकारने ताब्यात घेतला. १९४५ मध्ये ॲटली यांचे मजूर सरकार आले, राष्ट्रीयीकरण आणि आरोग्य सेवेच्या कायद्यांचा धडाका सुरू झाला, तेव्हाही तो वेळ परत मिळाला नाही. तो मिळाला १९४८ च्या अखेरीला सुरू झालेल्या अधिवेशनात. म्हणून १९४८ च्या वसंतात सिल्व्हरमन यांनी एकच शिल्लक वाट धरली. सरकारचे फौजदारी न्यायाचे एक मोठे विधेयक सभागृहापुढे होते. फटक्यांची शिक्षा आणि सक्तमजुरीची जुनी पद्धत त्यातून जाणार होती, पण फाशीला त्यात हात लावलेला नव्हता. त्या विधेयकाला सिल्व्हरमन आणि वेगवेगळ्या पक्षांतल्या त्यांच्या साथीदारांनी नवे कलम जोडले. फाशी पाच वर्षे स्थगित.

इथे पक्षादेशाचा, म्हणजे व्हिपचा विषय येतो. नेहमीच्या मतदानात पक्ष आपल्या खासदारांना लेखी हुकूम पाठवतो. मजकुराखाली तीन रेघा ओढलेल्या असल्या की आजारी असलात तरी यायचे. पण काही विषय सदसद्विवेकाचे मानले जातात आणि तिथे मोकळीक असते. जन्ममरणाचा प्रश्न अशांपैकी. १९४८ मध्ये मजूर सरकारने खासदारांना मोकळे सोडले, पण मंत्र्यांना नाही. गृहमंत्री जेम्स च्युटर ईड फाशी ठेवावी या मताचे होते, म्हणून ज्या मंत्र्यांना ती नको होती त्यांनी फार तर तटस्थ राहावे असे ठरले. तरीही कलम संमत झाले. गंमत म्हणजे हे मतदान कॉमन्सच्या स्वतःच्या दालनात झालेच नाही. ते दालन १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात जळाले होते, त्यामुळे कॉमन्स लॉर्ड्सच्या, म्हणजे उमरावांच्या वरिष्ठ सभागृहाच्या, दालनात भरत असे आणि लॉर्ड्स बिचारे राजाचा झगा चढवण्याच्या खोलीत.

निकालानंतर ईड यांनी जाहीर केले की कायद्याचे काय ते ठरेपर्यंत खुनाच्या प्रत्येक आरोपीची फाशी माफ करण्याची शिफारस आपण करू. काही महिने ब्रिटनमध्ये फाशी खरोखर थांबली. मग २ जून रोजी लॉर्ड्सने कलम उडवून लावले. बाजूने २८, विरोधात १८१. सरकारपुढे आता पेच. लॉर्ड्सला डावलण्याचा मार्ग १९११ च्या संसद कायद्यात होता, पण तेव्हा त्यासाठी दोन वर्षे थांबावे लागे, आणि तोवर अख्खे विधेयक लटकले असते. एका कलमासाठी संपूर्ण सुधारणा कोण अडकवणार? एक तडजोडीचे कलम आणून पाहिले, लॉर्ड्सने तेही फेटाळले, आणि सरकारने माघार घेतली. वर्ष संपण्याआधी तुरुंगांत फाशी पुन्हा सुरू झाली.

सरकारने मग तोच उपाय केला जो सरकारे जगभर करतात. आयोग नेमला. सर अर्नेस्ट गॉवर्स यांच्या अध्यक्षतेखाली १९४९ मध्ये काम सुरू झाले, अहवाल आला १९५३ मध्ये. आयोगाला फाशी ठेवावी की घालवावी हे विचारलेच नव्हते, फक्त तिची व्याप्ती कमी करता येईल का एवढेच विचारले होते. मधल्या चार वर्षांत 'आयोगाचा अहवाल येऊ द्या' हे एकच उत्तर सगळ्यांना पुरले.

पण त्या चार वर्षांत दोन खटल्यांनी लोकांच्या मनात कायमची शंका पेरली. ९ मार्च १९५० रोजी टिमोथी इव्हान्स या तरुणाला आपल्या तान्ह्या मुलीच्या खुनाबद्दल फाशी झाली. लंडनच्या रिलिंग्टन प्लेसमध्ये दहा नंबरच्या घरात तो भाड्याने राहत होता. तो सांगत राहिला की हे खालच्या मजल्यावर राहणाऱ्या जॉन ख्रिस्ती नावाच्या माणसाने केले. ख्रिस्ती मात्र सरकारी पक्षाचा मुख्य साक्षीदार होता. तीन वर्षांनी त्याच घरात ख्रिस्तीने मारलेल्या बायकांचे मृतदेह सापडले. इव्हान्सच्या बायकोलाही आपणच मारले असे त्याने कबूल केले. इव्हान्सची फाशी माफ न करण्याचा निर्णय ज्यांच्या सहीने झाला, ते गृहमंत्री म्हणजे हेच च्युटर ईड.

दुसरा खटला डेरेक बेंटलीचा. नोव्हेंबर १९५२ मध्ये क्रॉयडनमधल्या एका गोदामाच्या छतावर चोरी करायला गेलेल्या दोन पोरांपैकी एकाने पोलीस शिपायाला गोळी घातली. गोळी घालणारा सोळा वर्षांचा, म्हणून त्याला फाशी देता येईना. दुसरा, एकोणीस वर्षांचा बेंटली, त्या वेळी पोलिसांच्या ताब्यात होता, तरी साथीदार म्हणून त्याला फाशी. ज्यूरीने दयेची शिफारस केली होती. गृहमंत्री सर डेव्हिड मॅक्सवेल फाइफ यांनी ती मानली नाही. फाशीच्या आदल्या दिवशी, २७ जानेवारी १९५३ रोजी, सिल्व्हरमन सुमारे दोनशे खासदारांच्या सह्यांचा प्रस्ताव घेऊन उभे राहिले. अध्यक्षांनी चर्चा नाकारली. प्रथा अशी होती की फाशीची शिक्षा अंमलात येण्यापूर्वी राजाच्या दयेच्या अधिकारावर सभागृहात चर्चा करायची नाही. झाल्यावर खुशाल करा! सिल्व्हरमन नियमांवर नियम काढून भांडले. ज्या प्रश्नावर मत देऊन उपयोग आहे त्यावर संसदेला बोलता येत नाही, आणि बोलता येते तेव्हा माणूस जिवंत नसतो, असा त्यांचा रोख होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता वॉन्ड्सवर्थ तुरुंगात बेंटलीला फाशी झाली.

वरवर पाहता हा पराभवच होता. पण दोनशे सह्या म्हणजे दोनशे माणसांनी जाहीरपणे नाव लावले होते. त्यातल्या पुष्कळांना पुढे परत फिरणे अवघड होते.

फेब्रुवारी १९५५ मध्ये आयोगाच्या अहवालावर चर्चा झाली तेव्हा सिल्व्हरमन यांनी पुन्हा पाच वर्षांच्या स्थगितीची सूचना आणली. ती हरली, २१४ विरुद्ध २४५. त्या चर्चेत मात्र च्युटर ईड उभे राहिले आणि इव्हान्सच्या कागदांवर कायद्याला आपले काम करू द्या असा शेरा आपणच मारला होता, आणि ती चूक होती, हे त्यांनी सांगितले. फाशीचा पाठीराखा माजी गृहमंत्री उघडपणे बाजू बदलतो, याचे वजन शंभर भाषणांना येत नाही. त्याच वर्षी १३ जुलै रोजी रूथ एलिस या तरुणीला हॉलोवे तुरुंगात फाशी झाली. ब्रिटनमध्ये फाशी गेलेली ती शेवटची स्त्री. जनमत ढवळून निघाले. प्रकाशक व्हिक्टर गोलान्झ आणि लेखक आर्थर केसलर यांनी फाशीविरोधी राष्ट्रीय मोहीम उभी केली. सभागृहाबाहेर आवाज आणि सभागृहात सिल्व्हरमन, अशी जोडी जमली.

१६ फेब्रुवारी १९५६. सत्तेवर आता हुजूर पक्ष, पंतप्रधान ईडन. सरकारचे म्हणणे फाशी ठेवून कायद्यात थोडा बदल करावा. सभागृहाने ते झुगारून २९३ विरुद्ध २६२ मतांनी फाशीविरुद्ध कौल दिला. हुजूर पक्षातलेही कित्येक जण फुटले. सरकारला सिल्व्हरमन यांच्या विधेयकाला वेळ द्यावा लागला, आणि जूनअखेर ते कॉमन्समध्ये पूर्ण पार झाले. ऑगस्ट १९५५ पासून जुलै १९५७ पर्यंत ब्रिटनमध्ये एकही फाशी झाली नाही ती याच धामधुमीमुळे. पण १० जुलै १९५६ रोजी लॉर्ड्सने विधेयक बुडवले, २३८ विरुद्ध ९५. एरवी कधी न फिरकणारे खेड्यापाड्यांतले उमराव त्या दिवशी मुद्दाम लंडनला आले होते.

आता वाचक विचारेल, लॉर्ड्सला डावलायचा मार्ग होताच ना? होता, आणि १९४९ च्या नव्या कायद्याने तो दोन वर्षांवरून एका वर्षावर आला होता. पण त्याची अट अशी की तेच विधेयक पुढल्या अधिवेशनात कॉमन्सने पुन्हा संमत करायचे. म्हणजे पुन्हा वेळ हवा, आणि वेळ कोणाकडे? सरकारकडे. सरकारने तो दिला नाही. त्याऐवजी स्वतःचे विधेयक आणले, तो १९५७ चा मनुष्यवधाचा कायदा. चोरी करताना खून, बंदुकीने किंवा स्फोटाने खून, पोलिसाचा किंवा तुरुंगरक्षकाचा खून, अटक टाळताना खून, यांना फाशी. बाकी बहुतेकांना जन्मठेप. त्यातून विचित्र प्रकार घडू लागले. महिनाभर विष घालून बायकोला मारणारा फाशीतून सुटे, आणि रागाच्या भरात बंदूक चालवणारा लटके. भुरट्या चोराने गोंधळून केलेला खून फाशीचा, थंड डोक्याने केलेला खून जन्मठेपेचा. फाशीवाल्यांनाही हे समजावता येईना. सरकारला वाटले होते की अर्धवट कायद्याने वाद मिटेल. झाले उलटेच. फाशी ठेवणाऱ्यांच्या हाताने फाशीचा सगळ्यात मोठा दोष लोकांपुढे आला.

इथे भारताकडे थोडे पाहण्यासारखे आहे, कारण आपली संसद याच साच्यात घडली. लोकसभेतही अशासकीय कामकाज शुक्रवारीच. १९५२ पासून आजवर अशी जेमतेम चौदा विधेयके कायदा झाली, आणि १९७० नंतर एकही नाही. ब्रिटनमध्ये सिल्व्हरमन झगडत होते त्याच काळात, १९५६ मध्ये, लोकसभेत एका सदस्याने फाशी रद्द करणारे विधेयक आणले, ते फेटाळले गेले. १९५८ मध्ये राज्यसभेत असाच ठराव मांडला तो चक्क पृथ्वीराज कपूर यांनी. चर्चा झाली आणि ठराव मागे घेतला गेला. आणखी एक फरक महत्त्वाचा. सिल्व्हरमन यांनी आपल्याच पक्षाचा आदेश धुडकावला म्हणून १९५४ मध्ये आणि पुन्हा १९६१ मध्ये मजूर पक्षाने त्यांना संसदीय गटातून बाहेर काढले. १९६१ मध्ये त्यांच्यासोबत मायकेल फूटही होते, जे पुढे पक्षाचे नेते झाले. संरक्षण खर्चाविरुद्ध मत दिल्याची ती शिक्षा होती आणि १९६३ पर्यंत टिकली. पण खासदारकी गेली नाही. ते आपल्या बाकावर बसून प्रश्न विचारतच राहिले. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर तीन रेघांच्या आदेशाविरुद्ध मत दिले तर खासदारकीच जाऊ शकते. पक्षबदलूंना लगाम हवा होता हे मान्य, पण त्या लगामात सिल्व्हरमनसारखा माणूसही अडकला असता, हे मला पटत नाही ते नाहीच.

१९६४ च्या ऑक्टोबरात मजूर पक्ष पुन्हा सत्तेवर आला, बहुमत अवघे चार. त्याआधी दोनच महिने, १३ ऑगस्टला, लिव्हरपूल आणि मँचेस्टरच्या तुरुंगांत एकाच वेळी दोघांना फाशी झाली होती. ती ब्रिटनमधली शेवटची ठरली. नव्या सरकारने राणीच्या अभिभाषणातच सांगितले की फाशीच्या प्रश्नावर संसदेला मुक्तपणे निर्णय घेता यावा म्हणून सोय केली जाईल. 'सोय' म्हणजे वेळ. सतरा वर्षांत सिल्व्हरमन यांना हवा होता तो एवढाच शब्द. सरकारने हे विधेयक स्वतःचे म्हणून का आणले नाही? कारण चार मतांच्या जोरावर जनमताविरुद्धचे विधेयक स्वतःच्या डोक्यावर घेणे धोक्याचे होते. लोकांतले बहुसंख्य फाशीच्या बाजूचेच होते. मागच्या बाकावरच्या खासदाराच्या नावाने ते आले की प्रत्येक जण आपापल्या विवेकाचा मालक, आणि सरकारला हात झटकता येतात. यात थोडी लबाडी आहे, पण दोघांचेही काम होते. पुढे १९६७ मध्ये गर्भपाताचा कायदा डेव्हिड स्टील यांच्या नावाने आला आणि समलिंगी संबंधांवरची बंदी उठवणारा कायदा लिओ ॲब्से यांच्या नावाने. तिथेही विधेयक खासगी आणि वेळ सरकारी, हाच प्रकार.

२१ डिसेंबर १९६४ रोजी दुसरे वाचन ३५५ विरुद्ध १७० मतांनी झाले. इतक्या मोठ्या फरकानंतरही विरोधकांनी घड्याळाचे हत्यार सोडले नाही. मार्च १९६५ मध्ये एका शुक्रवारी त्यांनी प्रस्ताव आणला की विधेयकाची कलमवार छाननी समितीत न करता पूर्ण सभागृहात करावी. थोडक्या मतांनी तो मंजूर झाला. वरकरणी हे जास्त लोकशाहीवादी वाटते. खरा हेतू हा की सभागृहाच्या आधीच गच्च भरलेल्या वेळापत्रकात विधेयकाचा श्वास कोंडावा. सरकारने मग बुधवारी सकाळी सभागृह भरवायला सुरुवात केली, आणि एरवी दुपारी उठून येणाऱ्या खासदारांना सकाळी यावे लागले.

छाननीत हुजूर पक्षाचे माजी गृहमंत्री हेन्री ब्रुक यांनी सुचवलेली दुरुस्ती मान्य झाली. कायदा पाच वर्षांपुरता, ३१ जुलै १९७० पर्यंत. तोवर दोन्ही सभागृहांनी तो कायम केला नाही तर फाशी परत. सिल्व्हरमन यांना हे पसंत नव्हते. तरी विधेयक पुढे सरकले आणि १३ जुलै १९६५ रोजी, म्हणजे रूथ एलिसच्या फाशीला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, तिसरे वाचन २०० विरुद्ध ९८ मतांनी पार पडले.

उरला लॉर्ड्स. तिथे विधेयक सांभाळले बार्बरा वूटन यांनी. १९५८ मध्ये आजन्म पदवीचे सदस्य नेमायचा कायदा झाल्यावर आलेल्या पहिल्या काहींपैकी त्या. १९४८ मध्ये २८ मते देणाऱ्या या सभागृहाने आता २०४ विरुद्ध १०४ अशी मान्यता दिली. सभासद बदलले होते हे एक कारण. दुसरे कारण सरन्यायाधीश लॉर्ड पार्कर. त्यांच्या आधीचे सरन्यायाधीश लॉर्ड गॉडर्ड फाशीचे कट्टर समर्थक होते. पार्कर यांनी मात्र सांगितले की १९५७ च्या कायद्याचे विचित्र निकाल पाहून आपले मत पालटले. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी राणीची संमती मिळाली.

मतदार काय म्हणाले? १९६६ च्या निवडणुकीत नेल्सन अँड कोल्नमध्ये एक अपक्ष उभा राहिला. मूर हत्याकांडात, म्हणजे मँचेस्टरजवळच्या माळरानावर पुरलेल्या मुलांच्या खुनांत, बळी गेलेल्या एका मुलीचा तो काका. प्रचाराचा एकच मुद्दा, फाशी परत आणा. त्याला पाच हजारांवर मते पडली, जी अपक्षाला सहसा पडत नाहीत. सिल्व्हरमन तरी निवडून आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टिमोथी इव्हान्सला मरणोत्तर माफी मिळाली. बेंटलीला दोषी ठरवणारा निकाल न्यायालयाने रद्द केला तो १९९८ मध्ये.

९ फेब्रुवारी १९६८ रोजी सिल्व्हरमन वारले, पाच वर्षांची मुदत अजून चालू होती. जूनमधल्या पोटनिवडणुकीत नेल्सन अँड कोल्नने हुजूर पक्षाचे डेव्हिड वॉडिंग्टन निवडून दिले. ते फाशीच्या बाजूचे होते आणि पुढे गृहमंत्रीही झाले. कायदा कायम करण्याचा प्रस्ताव गृहमंत्री जेम्स कॅलाहन यांनी मुदतीची वाट न पाहता डिसेंबर १९६९ मध्येच आणला, कारण पुढल्या वर्षी निवडणूक येऊ घातली होती आणि फाशी हा निवडणुकीचा मुद्दा होऊ द्यायचा नव्हता. कॉमन्समध्ये ३४३ विरुद्ध १८५ मते पडली, दोन दिवसांनी लॉर्ड्सनेही होकार दिला. उत्तर आयर्लंडमध्ये खुनासाठीची फाशी १९७३ मध्ये गेली, आणि साऱ्या देशातली राजद्रोह व चाचेगिरीसाठीची १९९८ मध्ये.